अनुसयाकाकी आणि कोलकात्याच्या बसगाड्या

अनुसयाकाकींना कोलकाता माहीत आहे का, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. ज्यांच्या अमृतमहोत्सवाच्या गौरवग्रंथासाठी लिहायचं, त्यांच्याविषयी अशी सुरुवात करणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण मी त्यांच्या सोबतीनं त्या शहरात भरपूर हिंडले आहे आणि तरीही मला खरंच सांगता येत नाही.

त्यांची माझी पहिली भेट हावडा स्टेशनवर झाली. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. कराडच्या कॉलेजातून बाहेर पडले आणि नोकरी लागली ती थेट कोलकात्यात. पलूस तालुक्यातल्या आमच्या गावाहून कराडच्या पलीकडे एकटी कधी न गेलेली मुलगी इतक्या लांब पाठवायला वडील तयार नव्हते. ते राजी झाले एकाच भरवशावर, काकींच्या. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांप्रमाणे काकींचं घर गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी तिकडे गेलेलं. काकी लग्न होऊन तिथं गेल्या त्याला एक आयुष्य उलटलं. "काकी हायत की तितं," वडील भेटेल त्याला सांगत होते. "त्यास्नी समदं कलकत्ता पाठ हाय."

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी काकी मला पोचवायला निघाल्या. समोर आलेल्या पहिल्या बसला त्यांनी हात केला, आपल्याकडे फाट्यावर एसटीला करतात तसा. बस थांबली, आम्ही चढलो. बऱ्याच वेळानं त्यांनी कंडक्टरला, माझं ऑफिस होतं ते सॉल्ट लेक कधी येणार ते विचारलं. तो हसून म्हणाला, "माशीमा, उल्टो दिके." मावशी, तुम्ही उलट्या दिशेला चाललाय. मला रडू फुटायचंच बाकी होतं. काकी मात्र त्याच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी करत बसल्या. शेवटी त्यानंच समोरून येणारी बस थांबवली आणि आम्हाला तिच्या कंडक्टरच्या हवाली केलं. ऑफिसच्या दारात काकी म्हणाल्या, "बरं झालं. आता तुला उलटी बाजूबी म्हाईत झाली." हे मला धीर द्यायला म्हटलं, की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

काकींचं काम आपल्या गलाई बांधवांना सांगायला नको. पण बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. आपल्याकडच्या मुली लग्न होऊन तिथं जातात. नवरा दिवसभर भट्टीपाशी. भाषा येत नाही, म्हणून पोरगी खोलीतून जिनासुद्धा उतरत नाही. काकी अशा प्रत्येक घरी जातात आणि तिला बाहेर काढतात. दवाखाना, मुलांची शाळा, नदीचा घाट, सगळीकडे बसनं, मेट्रोनं, नाही तर ठरावीक रस्त्यावर माणसं भरून धावणाऱ्या तिथल्या ऑटोनं. त्या ऑटोला काकी, गावाकडच्या खच्चून भरलेल्या जीपला म्हणतात तसं, 'वडाप'च म्हणतात. आज त्या बायका एकट्या सगळ्या शहरात फिरतात. त्यांच्यापैकी एकीला मी विचारलं, काकींनी रस्ते शिकवले कसे? ती म्हणाली, "कशाचं शिकवत्यात? काकींच्या संगं गेलं की आपल्यालाच ध्यान द्यावं लागतंय. न्हाईतर दोघीबी गेलो."

माझी स्वतःची एक फजिती सांगते. आपल्या फाट्यावर जाणारी आणि येणारी गाडी एकाच झाडाखाली थांबते. मी तोच हिशेब धरला. सकाळी उतरले त्याच थांब्यावर संध्याकाळी उभी राहिले, त्याच नंबरची बस पकडली आणि कुठल्या कुठं गेले. घाबरून काकींना फोन लावला.

"म्होरं काय दिसतंय?"

"मिठाईचं दुकान आहे."

"मग कलकत्त्यातच हायस. कुनाला तरी फोन दे."

शेजारी एक वृद्ध गृहस्थ उभे होते, त्यांना दिला. बराच वेळ ते बोलत राहिले, हसले, मग त्यांनी मला एका ऑटोत बसवून दिलं. घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले ते? रस्ता कुठला सांगितला?"

"रस्ता कशाला? त्यांच्या सुनंला पोरगी झाली म्हनं. लय खुशीत हुते."

गेल्या हिवाळ्यात मात्र असं झालं की हसू आलं नाही. हावड्याला एका बाळंतिणीकडे गेलेल्या काकी दिवेलागण झाली तरी परतल्या नव्हत्या. फोन घरीच राहिला होता. त्यांचे थोरले चिरंजीव प्रकाशदादा भट्टी सोडून घाट पालथे घालत होते. एवढ्यात काकी शांतपणे जिना चढून आल्या. "नदीखालनं मेट्रो जातीया म्हनं, बगून आले," म्हणाल्या. पण बाळंतिणीसाठी नेलेला डिंकाच्या लाडवांचा डबा तसाच पिशवीत होता.

प्रकाशदादांनी त्या दिवशी ठरवलं की अमृतमहोत्सव झाला की काकींना गावी ठेवायचं. "आईला आता समजत न्हाई," ते म्हणाले.

वहिनी भाकरी थापत होत्या. "आत्यास्नी कवा समजत हुतं? मला आणलं तवाबी हावडा दावते म्हनून कालीघाटाला न्हेलं."

दोघंही काकींवर माया करणारे, आणि दोघांचंही मला पटतं. हा विसर म्हातारपणाचा आहे की स्वभावच तसा, ते कसं ओळखायचं? लेख लिहायला घेतला तेव्हा प्रकाशदादा म्हणाले, "तू शिकलेली, तुजं ती ऐकती. तिनं आता गावाकडं इसावा घ्यावा, आसं ल्ही." मी तसा परिच्छेद लिहून पाहिला. त्यातल्या काकी मला कुठं भेटलेल्याच नव्हत्या. तो परिच्छेद इथं नाही.

काकींना उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत आणि खिडकीजवळची जागा मिळत राहो, ही माझी मनापासून प्रार्थना.

प्रकाशदादांशी मी बोलले आहे. सुट्टीच्या दिवशी काकी बाहेर पडतील तेव्हा मी बरोबर असेन. बाकीचे दिवस त्या घरी थांबतील. नाखुशीनं का होईना, ते हो म्हणाले. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "तुजं लगीन झाल्यावर मग माज्या संगं कुनी यायचं?"

ऑफिसला चालत जाता येईल अशी खोली मी मध्यंतरी मोठ्या हौसेनं भाड्यानं घेतली होती. तिची किल्ली मालकांना परत दिली. आता मी काकींच्याच घरी राहते; माझं अंथरूण-पांघरूण त्यांच्या माळ्यावर आहे.