डाय लिव्हरात पोचेस्तोवर

आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीत पेशंट नुसता आडवा पडायला येतो, पण जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. ऐंशीचं दशक सरत आलतं. बेळगावात मशीन नवं, मी टेक्निशियनही नवाच. तेव्हापासनं इतकं साठलंय की सांगायला बसलो की चहा गार होतो!

लिव्हरचा स्कॅन म्हणजे सगळा टायमिंगचा खेळ. शिरेतनं डाय, म्हणजे फोटोत उजळून दिसणारं औषध, सोडायचा आणि तो लिव्हरात पोचला की नेमका तेव्हाच फोटो काढायचा. आमचे डॉक्टर स्वतः इंजेक्शन मारून मोठ्यानं आकडे मोजायचे. एकदा "वीस, एकवीस" चालू होतं, तेवढ्यात चहावाल्यानं दार उघडलं. "साहेब, चहा किती?"

"तीन!" डॉक्टर म्हणाले, आणि पुढं सुरू, "चार, पाच..."

मी काचेमागनं ओरडलो, "साहेब, डाय गेला की पुढं!"

*

खासबागचा एक पैलवान आलता. श्वास धरा म्हटलं, धरला. फोटो झाला, सोडा म्हटलं, तर हा फुगलेलाच! तोंड लालबुंद. सुमनसिस्टर पळत गेली, तेव्हा कुठं त्यानं सोडला.

"एवढ्यातच झालं व्हय? मी आत्ता कुठं रंगात आलतो!"

*

डाय शिरला की अंगातनं गरम लाट जाते आणि कपडे ओले झाल्यासारखं वाटतं. नंदगडकडचे एक आप्पा स्कॅन झाला तरी उठेनात. सिस्टरला हळूच म्हणाले, "आक्का, तेवढं सगळ्यांस्नी भाईर घालवा."

"अहो आप्पा, कोरडं ठाक हाय! सगळ्यांनाच असं वाटतंय."

"मग आधी सांगायचं न्हाय? लाजंनं मेलो की इथं!"

*

आणि निपाणीची गंगाक्का. जन्मभर विड्या वळलेली बाई. सोनोग्राफीत लिव्हरला गाठ दिसलेली, पोरीचं लग्न ठरलेलं. आल्या आल्या डॉक्टरांना एकच विचारलं, "लग्नापत्तोर ऱ्हाईन न्हवं?"

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. डाय गाठीत कडेनं सावकाश भरत आत गेला, तर ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ. पण त्याला वेळ लागतो, तोवर हलायचं न्हाय, हात डोक्यावरच ठेवायचे.

पहिल्या फोटोत नुसती कड उजळली. मग थांबलो. गंगाक्का गप पडून, पण डोक्यावरची बोटं आपली हवेतच विड्या वळत होती!

"आक्का, हात!" मी स्पीकरवरनं म्हटलं. बोटं थांबली.

पुन्हा फोटो. कड आत सरकलेली. पुन्हा थांबलो. डॉक्टरांनी आलेला चहासुद्धा परत पाठवला. शेवटच्या फोटोत अख्खी गाठ भरली! डॉक्टर आत पळाले. "आक्का, साधी गाठ हाय! कापायची न्हाय, काय न्हाय. लग्नात पोटभर जेवा!"

गंगाक्का छताकडं बघत तशीच पडलेली. पाणी दोन्ही कानांत उतरत होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आता हात हलवू का? डोळं पुसायचं हायत."