जाळीचा फिल्टर, कागदाचा फिल्टर

आधी माफी मागतो. मराठी मी शाळेत शिकलेलो नाही. शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी, आणि मराठी म्हणजे आमच्या घरात भांडायची आणि वाढायची भाषा. आमची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आली, पण त्यांतला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढ्या भांडवलावर लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. चुकलं तर स्वल्प सांभाळून घ्या. घरात याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो आहे.

के. आर. पुरमला अप्पांचं आणि काकांचं मिळून मोटरसायकलींचं गॅरेज आहे. अप्पा थोरले. इंजिनातलं तेल गाळायला एक फिल्टर असतो, मुठीत मावेल एवढा, मधून पोकळ. कागदाचा असला तर तेल बदलताना फेकायचा आणि नवा घालायचा. स्टीलच्या बारीक जाळीचा असला तर पेट्रोलमध्ये धुऊन तोच परत बसवायचा. अप्पा जाळीवाले, काका कागदवाले. हे भांडण माझ्या जन्मापासून गिऱ्हाइकांसमोर चालू होतं.

एकदा काकांनी वापरलेला कागदी फिल्टर करवतीने कापला आणि कोंबडीची आतडी काढावीत तसा आतला कागद बाहेर ओढला. घड्यांमध्ये लोखंडाचा चुरा चमकत होता.

"बघ अण्णा, हे बघ. तुझ्या जाळीतनं हे सगळं आत गेलं असतं."

अप्पांनी तो ओला कागद त्यांच्या हातातून घेऊन टराटरा फाडला. "ह्याच्यावर इंजिन सोडतोस? जाळी धुताना निदान कळतं, आत काय झिजलंय ते. तू तर न बघताच डब्यात टाकतोस."

"बघायला डोळे लागतात, अण्णा. चष्मा कधी बदललास?"

अप्पांनी पाना फेकून मारला. काका वाकले म्हणून तो शटरला लागला. पोचा अजून आहे.

मग दोघं माझ्याकडे वळले. "कॉलेजवाल्या, तूच सांग."

मी फोनवर वाचलं आणि भीत भीत म्हणालो, "दोघांचंही बरोबर आहे. कागद बारीक कचरा धरतो, जाळीतून तेल मोकळं वाहतं."

अप्पांनी फाडकन कानाखाली वाजवली. "एवढं सांगायला कॉलेज कशाला? हे तर कोपऱ्यावरचा चहावालाही सांगेल."

काका पोट धरून हसले. तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं होतं. आमच्याकडे प्रेम असंच दिसायचं, त्यामुळे मला त्याचं कधी भय वाटलं नाही.

काकांचा मुलगा, माझा दादा, कोरमंगलात घरोघर जेवणाची पार्सलं पोचवायचा. त्याने जुनी मोटरसायकल घेतली आणि इंजिन सफाईला गॅरेजमध्ये आणली. काकांनी कागदी फिल्टरचा नवा खोका फोडून ठेवला. दादा म्हणाला, "बाबा, या वेळी दोड्डप्पांचं ऐकू दे ना." दोड्डप्पा म्हणजे माझे अप्पा, थोरल्या काकांना आम्ही तसंच म्हणतो. "मी दिवसभर गाडीवर असतो, तेल सारखं बदलावं लागणार. जाळी असली की घरीच धुता येईल."

"घाल," काका म्हणाले. "तुझं इंजिन, तुझं मरण."

असं ते रोज कुणाला तरी म्हणत.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, त्यांची पूजा करायची. दादाची गाडी तशीच उघडी राहिली. अप्पांनी फळीवर पाने, हातोड्या, पक्कडी मांडल्या आणि मधोमध दादाचा नवा जाळीचा फिल्टर उभा ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं, मंत्र म्हणत मूठमूठ अक्षता टाकल्या. मग काकांनी आत कुंकू भरलेला कोहळा शटरसमोर आपटला. लाल गर रस्ताभर उडाला. त्यावरून एक स्कूटरवाला घसरून पडला, उठला आणि त्याने थेट काकांची कॉलर धरली. सणाच्या दिवशीही आमच्या दारात रक्त आलं, स्कूटरवाल्याच्या कोपरातून आणि काकांच्या ओठातून.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावर अप्पांनी फिल्टर उचलला, फडक्याने वरून नीट पुसला आणि बसवून टाकला.

दादा गाडी चालवू लागला. काही दिवसांनी जुन्या मद्रास रोडवर, भर वेगात, इंजिन एकदम आवळलं. मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी आडवी झाली, दादा तिच्याबरोबर घासत गेला आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. मी पोचलो तेव्हा लोकांनी टेम्पोवाल्याला खाली ओढलं होतं आणि ते त्याला तुडवत होते. त्याची काही चूक नव्हती. तो "बिडी अण्णा, बिडी," सोडा, सोडा, असं ओरडत होता. दादा मात्र ओरडत नव्हता. तो आपल्या बुटाकडे बघत होता. बूट उलट्या दिशेला वळलेला होता.

डॉक्टर म्हणाले, हाडं जोडता येतील, पण पावलाला रक्त पोचत नाही. पाय राहील की काढावा लागेल, हे वाट पाहूनच कळेल.

काका भिंतीवर मुठी आपटत होते. "जाळी. त्या जाळीनंच केलं हे."

गाडी गॅरेजमध्ये आणली. अप्पांनी इंजिन उघडलं, मी टॉर्च धरला. आतलं लोखंड तापून निळंकाळं पडलं होतं. जाळी शाबूत होती, कुठे भोक नाही की फाटलेली नाही. फिल्टरच्या पोकळीतून तेल पुढे जिथून जातं त्या बारीक वाटेत अप्पांनी सुई घातली. काळे, फुगलेले दाणे बाहेर आले. त्यांनी एक नखाने खरवडला. आत पांढरं होतं.

तांदूळ. अक्षता फिल्टरच्या पोकळीत पडल्या होत्या आणि बाहेरून पुसून त्या निघाल्या नव्हत्या. तेलाने त्यांना वाहून नेलं होतं आणि वाट बुजली होती.

फळीवरचे सगळे जाळीचे फिल्टर अप्पांनी खाली ओढले आणि ऐरणीवर एकेक ठेवून घणाने चेचले. तुटलेल्या जाळीने तळहात फाटला तरी थांबले नाहीत.

"अप्पा," मी म्हणालो, "जाळीची चूक नाहीये."

"ठाऊक आहे," ते म्हणाले आणि पुढचा ठेवला.

घरी कळल्यावर आई म्हणाली, "भावोजींना सांगू नका. जाळीच खराब निघाली असं समजू देत. देवाचे तांदूळ होते ते, त्यात तुमचा काय दोष?"

अप्पांनी दाणे रुमालात बांधले. "त्याचं पोरगं आहे," एवढंच म्हणाले आणि निघाले. मी मागे गेलो.

काका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भेटले. अप्पांनी रुमाल उघडला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. काकांनी एक दाणा उचलून बोटांत चुरडला.

"म्हणजे जाळीनं नाही," ते म्हणाले. "तू."

त्यांच्या हातात दादाचं हेल्मेट होतं. ते त्यांनी अप्पांच्या तोंडावर मारलं. मग परत मारलं. अप्पांनी हात वर केले नाहीत. मी काकांना मागून मिठी मारली, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं आणि मी खाली बसलो. सिक्युरिटीवाल्यांनी ओढेपर्यंत ते मारत होते. अप्पा दात थुंकले, शर्ट छातीपर्यंत लाल झाला.

"माझ्या पोराच्या पायाचं काय होतंय ते तुला कळणार नाही," काका ओरडले. "राहिला तरी नाही, गेला तरी नाही. माझ्या घरातलं कुणी तुला सांगणार नाही!"

तसंच झालं. मी हॉस्पिटलच्या दारात गेलो, तर काकूने आम्ही पाठवलेला डबा पायऱ्यांवर भिरकावला. "तुमच्या घरचे तांदूळ खाऊ घालू त्याला?" तिने विचारलं. दादाच्या बहिणीने, अक्काने, माझे फोन घेणं बंद केलं. गॅरेज अप्पा एकटेच उघडत. कुणी विचारलं, कोणता फिल्टर घालू, तर म्हणत, "दुसरीकडे जा." एकाने फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी त्याची गाडी ढकलून रस्त्यावर पाडली. घरी आले की फोन समोर ठेवून बसायचे. सुजलेल्या जबड्यामुळे पेजच चालायची, तीही निवून जायची. मी रात्रंदिवस एकच प्रश्न ऐकत होतो, जो ते विचारत नव्हते: पाय राहिला का?

शेवटी माझ्या फोनवर अक्काचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मी तो अप्पांसमोर धरला.

"आज सकाळी पाय काढला. गुडघ्याखालून. दादा शुद्धीवर आलाय, पाणी मागितलंन्. बाबांनीच सांगायला लावलंय. म्हणाले, अण्णाला आपणच कळवायचं, बाहेरच्या कुणाकडून त्याला कळता कामा नये."