पार्किंगमधला मळका बर्फ

माझं चित्र भिंतीवर होतं आणि मला बोलायची परवानगी नव्हती. आमच्या कॉलेजच्या स्टुडिओत तसा नियमच आहे. क्रिटिकच्या दिवशी ज्याचं चित्र, त्यानं स्टुलावर गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. चित्र स्वतःच्या पायावर उभं राहतं का, ते बघायचं असतं म्हणे.

चित्र चार फुटी. तैलरंगातलं. ग्रोसरीच्या दुकानामागचं पार्किंग, आणि कोपऱ्यात बर्फ काढणाऱ्या गाडीनं लोटून ठेवलेला ढीग. मळका, तेलकट, मार्च संपला तरी न वितळणारा. त्यात अर्धी रुतलेली एक शॉपिंग कार्ट. त्या ढिगाचा करडा रंग मी काळा न वापरता आणला होता. निळ्यात नारिंगी मिसळायचा, लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. सगळा हिवाळा त्यात गेला होता.

आमची शिक्षिका डियान हाताची घडी घालून मागे उभी. एक मुलगा म्हणाला, करडा रंग जिवंत आहे. एक मुलगी म्हणाली, बघूनच थंडी वाजते. मी आतून फुलले होते. मग रेवती बोलली.

रेवती पुण्याची. वर्गात मराठी आम्ही दोघीच. सगळ्यांना कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलली. त्याचं मराठी असं: "चित्र चांगलंय, पण मला यात ती दिसत नाही. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या टोपल्या विणतात. इंडियात ती एक अख्खी कास्टच आहे. फार सुंदर काम करतात ते लोक. तिनं तिकडे परत जावं, असं मला मनापासून वाटतं."

सगळ्यांनी माना वळवल्या. चित्राकडे नाही, माझ्याकडे. डियानच्या डोळ्यांत चमक आली. माझ्या करड्या रंगाबद्दल पुढे कुणी अवाक्षर काढलं नाही. टोपल्यांबद्दल विचारत राहिले, आणि उत्तरं रेवती देत राहिली. मी स्टुलावर. गप्प. नियम होता ना.

तिला कसं कळलं, ते सांगते.

मी इथे कॅनडात, किचनर शहरात, म्हाताऱ्यांच्या होममध्ये काम करते. अंघोळी घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. मुलगी हायस्कूलला गेली तेव्हा मी कॉलेजात नाव घातलं. कलेचा इतिहास आणि चित्रकला, पार्टटाइम. नवरा म्हणाला, या वयात? म्हटलं, ह्याच वयात. पहिल्या दिवशी वर्गात मराठी ऐकू आलं आणि मला बरं वाटलं. रेवतीनं मला पहिल्या वाक्यापासून अगंतुगं केलं. मी तिला तुम्ही म्हणाले. वयानं मीच मोठी आहे.

तिचं घर माझ्या घराच्याच वाटेवर. हिवाळ्यात ती मला गाडीनं सोडायची. सीटसुद्धा गरम व्हायची तिच्या गाडीची. तिथेच तिनं विचारलं. आडनावावरून तिला काही कळलं नव्हतं, आमचं आडनाव फसवं, गावावरून पडलेलं. मग विचारलं, गाव कुठलं. सांगितलं. सातारा जिल्हा. मग हसत हसत विचारलं, गावात कुठे. हा प्रश्न कशाला असतो, ते मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. मला थाप मारता आली असती. मी म्हणाले, बुरूड आळीत.

तिनं आरशात बघून लेन बदलली. मग म्हणाली, "अय्या, म्हणजे आमच्याकडची सुपं तुमच्याकडूनच येत असतील."

तिनं विटाळ मानला नाही. गाडीतून सोडणंही बंद केलं नाही. मानला असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या. तिनं कौतुक केलं. कौतुकाला शिवी कशी द्यायची?

आणि त्यात मला तिचा हेवा वाटायचा. सरळच सांगते. कलेच्या इतिहासाच्या तासाला दिवे मालवून पडद्यावर चित्रं दाखवतात. मी डोळे ताणून एकेक बघायची, लिहून घ्यायची. शेजारून हळूच आवाज यायचा, हे आम्ही पाहिलंय, फ्लॉरेन्सला. पुढच्या चित्राला पॅरिस. तिचे ब्रश, तिचा लिननचा एप्रन, तिनं उच्चारलेली चित्रकारांची नावं. मी ती नावं बसमध्ये ओठांत घोळवायची आणि वर्गात जीभ अडखळायची.

पण खरा हेवा ह्याचा नाही. रेवतीला वाईट चित्र काढता यायचं. तोच माझा खरा हेवा. ती कॅनव्हासवर रंग ओतायची, बिघडलं की हसायची, पुसायची, सोडून द्यायची. तिचं चित्र वाईट झालं तर फक्त चित्र वाईट व्हायचं. माझं वाईट झालं असतं तर मी वाईट ठरले असते, माझी आळी ठरली असती. म्हणून मी एकेक इंच मुठीत जीव धरून रंगवायची. आणि ती बर्चची झाडं काढायची. पांढरी, अर्धवट पुसलेली. कॅनडातली झाडं. तिला कुणी विचारलं नाही, ह्या झाडांत तू कुठे आहेस म्हणून.

वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांचं प्रदर्शन असतं. दारातून आत आलं की समोर एक मोठी भिंत लागते, तिच्यावर एकच चित्र लावतात. त्या भिंतीवर माझा बर्फ लागावा, एवढंच मला हवं होतं. वर्षभर तेवढंच.

क्रिटिक झाल्यावर डियाननं मला थांबवून घेतलं. गोड बाई. हात धरून म्हणाली की भिंतीवर रेवतीचे बर्च लावायचं ठरतंय, पण तू विणलंस तर दालनाच्या मधोमध एक टेबल फक्त तुझं. तुझं खरं काम बहुतेक तेच आहे, असंही म्हणाली.

मी हो म्हणाले. मधोमधचं टेबल होतं. कुणीतरी बघेल तरी, असं वाटलं. हार्डवेअरच्या दुकानातून बागेच्या कुंपणाचे बांबू आणले, बेसमेंटमध्ये कपडे धुवायच्या टबात भिजत घातले, कामट्या काढल्या, त्या स्टुडिओत नेल्या. सूप विणलं. बोटं कापली. लहानपणी शिकलेलं हात विसरले नव्हते, ह्याचा आनंद झाला आणि रागही आला.

पुढच्या क्रिटिकला ते सूप टेबलावर आणि मी स्टुलावर. शेजारी रेवतीनं विणलेलं एक काहीतरी. मी विणताना ती स्टुडिओत माझ्याजवळ येऊन बसायची, शिकव ना म्हणायची, त्यातून केलेलं. एका बाजूनं उसवलेलं, मध्येच सोडून दिलेलं. डियान त्याच्याभोवती फिरली आणि म्हणाली, हा धाडसी प्रयोग आहे, रेषा मोकळी झालीय. मग माझ्या सुपाजवळ आली आणि म्हणाली, ही परंपरा आहे, हिचा आदर करायला हवा. एकाच बांबूच्या कामट्या. रेवतीनं केलं की कला, मी केलं की जात.

मग रेवती उठली आणि वर्गाला माझं सूप समजावून सांगायला लागली. धान्य कसं पाखडतात. पाचवीला बाळाला सुपात कसं निजवतात. तिरडीचे बांबूही आमच्याच दारातून जातात, हे काही तिनं सांगितलं नाही. ते तिला तेवढं सुंदर वाटत नसावं.

मला एकदम सातवीचा वर्ग आठवला. शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. मी नदीवरचा पूल काढत होते. चित्रकलेच्या सरांनी माझ्यासमोरचा कागद उचलला आणि म्हणाले, "तू कशाला ह्यात पडतेस? घरून एक सूप आण. नंबर येईल." आईनं रात्रभर बसून सूप विणलं. नंबर आला. प्रदर्शन संपल्यावर ते सूप सरांच्या घरी गेलं, आणि माझा पूल अर्धाच राहिला.

ते सर तिकडे गावातले. डियान इतक्या लांबच्या देशातली. दोघांनी माझ्या हातातून तेच काढून घेतलं होतं.

मी स्टुलावरून उठले. डियान म्हणाली की अजून आपण ऐकतोय, तुझी पाळी नंतर. मी म्हणाले, "नाही. मी आत्ता बोलणार."

माझं इंग्रजी मोडकं आहे, तरी सगळ्यांना कळेल इतपत बोलले. म्हणाले, हे सूप मला विणता येतं, त्याची मला लाज नाही. माझ्या आईचा घाम आहे त्यात. पण मी ह्या कॉलेजात रंगवायला आले. माझं चित्र ते, बर्फाचं. त्यात मी कुठे आहे, असं विचारता? तो करडा रंग मी केलाय. तिथे आहे मी. हे सूप प्रदर्शनात ठेवायचं नाही.

मग मी रेवतीकडे वळले आणि मराठीत बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तू म्हणाले.

"रेवती, तुझे आजोबा भिक्षुकी करायचे, तूच सांगितलंस गाडीत. मग तू इथे सत्यनारायण का मांडत नाहीस टेबलावर? तू बर्च काढतेस. तुला झाडं, आणि मला जात?"

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "अगं, मी तुझ्या चांगल्यासाठीच बोलले."

"माझं चांगलं मी बघीन."

वर्गाला शब्द कळले नाहीत. मी सूप उचललं, बॅगेत घातलं आणि बसनं घरी आले. त्या दिवसापासून तिच्या गाडीत बसले नाही.

भिंत रेवतीच्या बर्चना मिळाली. टेबलावर तिची ती उसवलेली टोपली. माझा बर्फ वॉशरूमकडे जाणाऱ्या कॉरिडॉरमध्ये लागला, ट्यूबलाइटखाली, तिथे करडा हिरवट दिसतो. डियान अजूनही हसून बोलते, फक्त माझा हात धरत नाही. मुलगी प्रदर्शन बघायला आली, कॉरिडॉरमध्ये थांबली, म्हणाली, "मॉम, व्हाय इज इट हिअर?" मी म्हणाले, मी बोलले म्हणून. ती चित्राजवळ जाऊन रुतलेली कार्ट बघायला लागली. तिला आवडलं की नाही, ते मी विचारलं नाही.

हेवा गेलेला नाही. साधुत्वाचा आव मी आणणार नाही. त्या भिंतीवरचे बर्च बघितले की अजून जळते मी, आणि जळणारच. ते जळणं मला सोडायचंही नाही. सातवीत मला हेवासुद्धा वाटला नव्हता. पूल दुसऱ्यांनी काढायचा आणि सूप मी आणायचं, हे मला बरोबरच वाटलं होतं. आज वाटत नाही. ती भिंत जितकी तिची, तितकीच माझी.

पुढच्या वर्षी मी सहा फुटी कॅनव्हास ताणणार. पुन्हा पार्किंग, पुन्हा बर्फ. बिघडला तर बिघडू दे, वाईट चित्रं काढायचा हक्कही मला हवाय. जात कुणी विचारली तर सांगेन, मान वर करून सांगेन. पण काय रंगवायचं, ते माझ्या जातीला विचारून ठरणार नाही. ती भिंत मी डियानकडे मागणार. तोंडानं मागणार, सगळ्यांसमोर. सुपाच्या बदल्यात दिली तर नको. बर्फासाठी द्या. नाही दिली तर पुन्हा मागेन.