ओकजूबाईंच्या सोबतीला कोण?

कोरियातल्या सोकचोच्या इस्पितळात गुंगी देऊन घशातून पोटात दुर्बीण सोडायची खोली आहे. तिच्या दारात ओकजूबाई नर्स वर्षानुवर्षं उभ्या. "सोबतीला कोण आहे? कोणी नाही? मग उद्या या." हे म्हणायला आताशा त्यांचं तोंड पुरे, बाई मनानं कधीच घरी जाऊन आडव्या झालेल्या असतात.

यंदा त्यांच्याच पोटात गाठ सापडली. सोबतीअभावी ती दुर्बिणीतून काढणं दोनदा पुढे ढकललं. नवरा माकुलं धरायला समुद्रात, मुलगा बुसानला.

"आता ढकललंत तर पोट उघडावं लागेल," डॉक्टर बांग म्हणाले. "गुंगीचं कुठलं देऊ? जुनं की पांढरं?"

जुन्यानं माणूस सावकाश झोपतो, दिवसभर झिंगतो, मधेच सासूचं नि साहेबाचं बरळतो. पण जास्त झालं तर उतारा असतो. पांढऱ्यानं पटकन झोप, पटकन जाग. मात्र श्वास कधी मंदावेल नेम नाही, उताराही नाही. म्हणून कुणीतरी छातीवर नजर लावून बसायचं. ते कुणीतरी म्हणजे आजवर ओकजूबाईच.

"पांढरं द्या. जुन्यात तुमच्याबद्दल काही बोलले तर नोकरी जायची. शिवाय लगेच जाग येते, सोबत कशाला?"

"सगळे हेच म्हणतात," धाकटी नर्स हारिम म्हणाली, "आणि जिन्यात कोसळतात. सोबत नसेल तर उद्या या, ताई."

शेवटी बाईंनी फोन केला तो बाजारात सुकट विकणाऱ्या सुनदोककाकूंना. गेल्या हिवाळ्यात सोबत नाही म्हणून बाईंनीच याच दारातून त्यांना उपाशीपोटी परत पाठवलं होतं. येतील याची खात्री नव्हतीच. पण काकू आल्या, गमबुटांसकट.

"काय गं, आज नियम तुझ्याच घशात अडकला?"

"दमलेय हो काकू. टोमणे नंतर मारा."

"नंतर? झोपेत तुला ऐकू येणारेत थोडेच!" म्हणत काकूंनी सोबतीच्या कागदावर सही ठोकली.

आत हारिम खुर्ची ओढून उशाशी बसली. "श्वासाकडे मी बघते. तुम्ही झोपा." तरी बाईंनी मान वळवून यंत्राचा आकडा पाहिलाच. मग औषध शिरेत गेलं.

"सोबतीला कोण आहे?" जाग येताच बाईंनी विचारलं.

"निघाली गाठ," हारिम हसली. "तुमची सोबत बाहेर आहे."

बाहेर बाकावर सुनदोककाकू तोंड उघडं टाकून घोरत होत्या, कुठल्याही औषधाशिवाय. बाईंनी त्यांना उठवलं नाही. हारिमचा हात धरून शेजारी टेकल्या आणि सवयीनं काकूंच्या छातीकडे बघत राहिल्या.