लॉरीच्या वहीतला एक तास

आमच्या घरी लॉरी चालवायचे आमचे हे, आणि लॉरीची वही लिहायची मी. गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, मधी किती थांबली, हे सगळं सरकारच्या छापील वहीत रोज उतरवावं लागायचं. यांना अक्षर येत नव्हतं. मी माहेरी चौथी पास झालेली, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच हौसेनं घेतलं. आणि त्या हौसेचं जे फळ मिळालं ते आठवलं की आजही अंगाची लाही लाही होते.

आमचं घर बुलढाण्याकडं, धाड गावात. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून आमच्या जुन्या लॉरीला कोळशाची भट्टी बसवलेली. भट्टीच्या गॅसवर गाडी चालायची. चालायची म्हणजे काय, रडतखडत जायची. यांनी सकाळी उठून भट्टी पेटवायची, पंखा फिरवून फिरवून हवा घालायची, तासभर धूर खायचा, तेव्हा कुठं बाईसाहेब जागच्या हलायच्या. कपाशीच्या हंगामात गावोगावचा कापूस भरून बुलढाण्यावरून घाट उतरायचा, मोताळा मागं टाकून मलकापूरच्या जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यावर, माल खाली करायचा आणि रिकामी गाडी घेऊन संध्याकाळी घरी यायचं. एक गाडी, एक डायव्हर, तिसरं कोणी नाही.

नियम असा होता: सलग पाच तासांच्या वर गाडी चालवायची नाही, पाच तास झाले की अर्धा तास विसावा घ्यायचा. आणि सगळ्या दिवसात नऊ तासांच्या वर चाक धरायचं नाही. खरं सांगू का? मला हा नियम फार आवडला होता. वही यायच्या आधी हे जनावरासारखे राबायचे. एकदा रोहिणखेडकडून कापूस आणताना यांचा डोळा लागला आणि भरलेली गाडी बांधावर चढली. नशीब म्हणून वाचले. म्हणून वही आली तेव्हा मला वाटलं, चला, आपल्या माणसाच्या जिवाची काळजी सरकारला तरी आहे. मीच यांच्या मागं लागायची, "नऊ तास झाले, आता घरी बसा." लोक हसायचे. म्हणायचे, याची बायको तर सरकारपेक्षा कडक आहे.

भट्टी पेटवायचा तास मात्र त्या नऊ तासांत धरत नव्हते. त्याला वहीत रकानाच नव्हता! धूर खाणं म्हणजे काम नाही, असं नियम करणाऱ्याला वाटलं असेल. त्यानं कधी खाल्ला होता का धूर? असो, तो राग वेगळा.

मग सरकारनं देशातली घड्याळं एक तास पुढं केली. लढाईसाठी म्हणे. रेल्वेनं ऐकलं, कचेऱ्यांनी ऐकलं, जिनांचे भोंगे नव्या टायमानं वाजायला लागले. आमच्या धाडनं काही ऐकलं नाही. काऊन ऐकायचं? म्हैस काय तासभर आधी दूध देणार होती? आमचे शेजारी तर म्हणायचे, "सूर्य सरकारचा चपराशी हाये का, की हुकूम केला अन् लवकर आला?" त्यामुळं घराघरांतली घड्याळं जुन्याच टायमावर राहिली. बोलण्यात कधी घोटाळा झाला नाही. कोणी दहा वाजता ये म्हटलं की समोरचा विचारायचाच, "जुन्या टायमानं का नव्या?" शेंबडं पोरगंसुद्धा विचारायचं. वही तेवढी विचारत नव्हती.

आता माझी चूक सांगते, लपवत नाही. निघायची वेळ मी घरचं घड्याळ पाहून लिहायची: सहा. गाडी मलकापूरला पोचली की जिनाच्या फाटकावरचा मुन्शी त्याचं घड्याळ पाहून लिहायचा: साडेअकरा. परत निघताना तोच लिहायचा: दोन. आणि गाडी दारात आली की मी लिहायची: साडेपाच. माझं घड्याळ जुनं, त्याचं नवं. तुम्हाला वाचतावाचताच कळलं असेल. मला अर्धा हंगाम गेला तरी कळलं नाही, कारण रोजची बेरीज मी शेवटी करायची आणि ती रोज नऊ यायची. नऊ आले की मी खूश.

एका शनिवारी हे घरी आले ते तोंड उतरवून. बुलढाण्याच्या नाक्यावर मोटार तपासणाऱ्या साहेबानं गाडी अडवली होती.

"लायसन ठेवून घेतलं," हे म्हणाले. "वही बी. गाडी घरापर्यंत न्यायची चिठ्ठी देली. सोमवारी अकरा वाजता कचेरीत बोलावलं हाये."

"काऊन? केलं काय तुम्ही?"

"म्हणते, तू पाच तासांच्या वर चालवून राह्यला. अन् वही खोटी हाये म्हणते."

"खोटी?" मी हातातला तांब्या आपटलाच. "कोण म्हणते खोटी? वही म्या लिहिली!"

लायसन म्हणजे यांचे हातपाय होते. शेत नाही, दुकान नाही, चाक धरण्याशिवाय दुसरी विद्या नाही. लायसन गेलं की लॉरी दारात उभी राहणार, आणि हंगामातला कापूस काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. दुसऱ्याची लॉरी लागली की पुढच्या वर्षी तीच लागणार. मी म्हटलं, सोमवारी मी पण येते.

"तू? कचेरीत? लोक काय म्हणतीन?"

"लोकांनी लिहिली का वही?"

सोमवारी सकाळी सर्व्हिस मोटारीनं आम्ही बुलढाण्याला गेलो. घरून निघताना घड्याळ पाहून निघालो होतो, वाटेत कुठं खोळंबलो नाही, त्यामुळं साडेदहाला आपण पोचतो, अर्धा तास हातात राहतो, असा माझा हिशोब. अकरा जुन्या टायमानं का नव्या, हे त्या घाबरगुंडीत आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. कचेरीच्या पायऱ्या चढलो तर चपराशी अंगावर आला, "अकराचा टाइम दिला होता ना? ही काय यायची वेळ आहे?" मी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

मी तिथंच उभी राहिले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे बाप्पा! वहीतला तास हा होता! मी यांचा हात धरून सांगायला लागले, पण तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

साहेब नागपूरकडून बदलून आलेला, तरणाच होता. समोर आमची वही उघडी. यांच्याकडं पाहून त्यानं सुरुवात केली, "सहाला निघालास, साडेअकराला पोचलास. साडेपाच तास, मध्ये विसावा नाही. हा एक गुन्हा. आता येताना बघ. दोनला निघालास, साडेपाचला घरी. साडेतीन तास! घाट उतरायला साडेपाच तास आणि कोळशाच्या गॅसवर तोच घाट चढायला साडेतीन? येताना काय विमानात बसून आलास? ही खोटी नोंद. हा दुसरा गुन्हा."

"साहेब, वही म्या नाही लिहिली," हे म्हणाले. "हिनं लिहिली."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अक्षर वाचून दोन गुन्हे काढले तोवर हसू आलं नव्हतं. ते बाईमाणसाचं आहे म्हटल्यावर आलं.

मी सरळ टेबलाजवळ गेले. म्हटलं, "साहेब, आमच्या गावात जुना टाइम चालते अन् जिनावर नवा. जाताना तास जास्त दिसते, येताना तोच तास कमी दिसते. दोन्ही मिळून पाहा, नऊ भरते का नाही? खरं पाह्यलं तं जायला साडेचार अन् यायला साडेचार. पाचाच्या आत. रोजचं पान काढा, रोज तेच हाये. म्या तास चोरला असता तं त्याच दिवशी परत आणून कायले ठेवला असता?"

कोपऱ्यातल्या कारकुनानं फायलीमागं तोंड लपवलं. साहेबाचं हसू गेलं. त्यानं पेन्सिल घेतली, एका पानाची बेरीज केली, दुसऱ्या पानाची केली, मग तिसऱ्या. त्याला पटलं होतं. माणसाला पटलेलं लपत नाही.

"समजलं," तो म्हणाला. "पण सरकारी वहीत सरकारी टाइमच लिहायचा असतो."

"असं कुठं लिहिलं हाये वहीत?"

"लिहायची गरज नसते."

पाहा बरं! ज्यांनी एका देशात दोन घड्याळं केली त्यांना एक ओळ लिहायची गरज नव्हती, आणि आम्ही मात्र न लिहिलेलं वाचायला पाहिजे होतं.

साहेब वाईट नव्हता, हेही सांगते. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आपण मोठे उपकार करतोय अशा आवाजात म्हणाला, "वही वरती गेली तर माझा नाइलाज आहे. लायसन तीन महिने जमा राहील. पण एक रस्ता आहे. यानं अर्ज लिहून द्यायचा की वही माझ्या बायकोनं लिहिली, ती अडाणी आहे, तिला घड्याळ समजत नाही. म्हणजे डायव्हरवर दोष येत नाही. प्रकरण इथंच मिटवतो. लायसन आत्ता घेऊन जा."

"मले घड्याळ समजत नाही?" माझा आवाज चढला. "आत्ता तुमाले कोणं समजावून देलं?"

"बाई, तुम्हाला लायसन पाहिजे की वाद पाहिजे?"

तीन महिने म्हणजे अख्खा हंगाम. यांच्याकडं पाहिलं तर हे माझ्याकडंच पाहत होते. मी म्हटलं, "लायसन पाहिजे."

"मग अर्ज लिहून आणा."

कारकून तेवढ्यात फायली घेऊन वर गेला होता. बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा एक जण बसतो म्हणून पाहिलं, तर त्याची नुसती पेटी होती, माणूस नव्हता. चपराशी म्हणाला, आज येणार नाही, उद्या या. उद्या! इकडं गावात भरलेली पोती पडलेली. मी आत परत गेले आणि म्हटलं, "कागद द्या. अन् टाक द्या."

साहेबानं दिले, वर मजकूरही सांगितला. मी उभ्या उभ्या त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिला. "सदर वही माझ्या पत्नीने लिहिली असून ती अडाणी आहे. तिला घड्याळातील वेळ समजत नाही. करिता नोंदीत चूक झाली. तरी मेहेरबानी होऊन माझे लायसन परत मिळावे." राग मावत नव्हता, पण अक्षर मी बिघडू दिलं नाही. एकेक वेलांटी जागच्या जागी दिली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्या माणसासमोर पुसायचं नव्हतं, म्हणून मान खाली घालून लिहीतच राहिले.

यांची एक सवय होती. मी वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदावर अंगठा लावायचे नाहीत. त्या दिवशीही म्हणाले, "वाच." मी वाचलं. साहेबासमोर, चपराशासमोर, मोठ्यानं वाचलं.

यांनी हात मागं घेतला. "म्या नाही लावत आंगठा."

"लावा," मी म्हटलं.

"नाही लावत. राहू द्या लायसन. तीन महिने लोकांच्या बैलगाड्या हाकीन. साहेब, वही हिनं बरोबर लिहिली हाये." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुह्याइतकं घड्याळ कोणाले समजते वं गावात? अन् म्या लिहून देऊ का तू अडाणी हायेस म्हणून?"

उभ्या जन्मात या माणसानं माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं तेव्हा नेमकं नको तिथं केलं. साहेब घड्याळाकडं पाहायला लागला होता. मला यांचाही राग आला. सगळ्यांचाच आला. मी यांचा हात मागून ओढून पुढं घेतला, अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. हे तोंड फिरवून भिंतीकडं पाहत होते. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

साहेबानं कागद उचलला. एकदा वाचला, मग शेरा मारायच्या आधी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. अडाणी बाईच्या हातच्या त्या अर्जात त्याला एकही चूक सापडली नाही, आणि त्यानं लायसन आमच्याकडं सरकवलं.