जेवल्यावर विचार

विमलताई फोटोची परवानगी दोनदा विचारायच्या. एकदा काढताना आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर. फोन त्या बाईच्या समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "हा बघ. तुझ्या माहेरी दिसेल, सासरी पण दिसेल. चालेल?" बाईनं उत्तराआधी नुसता पदर सारखा केला, तरी ताई माझ्याकडे वळायच्या. "प्रकाश, पुसून टाक."

सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर ताईंनी पंचवटीतलं आपलं चार खोल्यांचं घर मार खाऊन निघालेल्या बायकांसाठी उघडलं. मी जाहिरातीच्या धंद्यातला, म्हणून संस्थेचं समाजमाध्यमांवरचं पान माझ्याकडे आलं. त्या पानावर काय असायचं? भाकरी थापणारे हात, शिलाई मशीनवरचे पाय, पाठमोऱ्या वेण्या. बघायचं कोण?

"ताई, लोकांना चेहरा लागतो," मी कुरकुरायचो.

"लागत असेल. पण तो त्यांचा नाही ना." मग हसून म्हणायच्या, "तुझ्या त्या फोनला भूक फार. अरे, उपाशी माणूस कशालाही हो म्हणतं. ते हो पोटाचं असतं. जेवल्यावर विचार."

एकदा एक गृहस्थ बिस्किटांचे खोके घेऊन आले आणि फोटोसाठी बायकांना रांगेत उभं करा म्हणाले. ताई म्हणाल्या, "खोके रांगेत लावते, त्यांच्याबरोबर काढा. ते लाजत नाहीत." गृहस्थ खोके ठेवून गेले, पण पुन्हा आले नाहीत. मला वाटलं, ताईंच्या हट्टापायी संस्थेचं नुकसान होतंय.

यमुना आली ती एका शनिवारी. सुरगाण्याकडची, कडेवर चार वर्षांची मुलगी, डाव्या कानामागे सुकलेलं रक्त. दोन दिवस पोटात काही नव्हतं. ओट्यावर बसून ती आधी मुलीला भरवत होती, संध्याकाळचं ऊन दोघींच्या तोंडावर होतं. मी फोन दाखवून विचारलं, "काढू?" तिनं होकारार्थी मान हलवली.

असा फोटो मला तीन वर्षांत मिळाला नव्हता. आणि शनिवार संध्याकाळ म्हणजे लोक फोन घेऊन बसण्याची वेळ, हे माझ्या धंद्यानं मला शिकवलेलं. उद्या विचारायचंच आहे, असं स्वतःला सांगून मी तो लगेच पानावर टाकला. मागे संस्थेची पाटी स्पष्ट दिसत होती. ती असावी म्हणून मीच दोन पावलं मागे सरकलो होतो.

रविवारी जेवणं झाल्यावर ताईंनी माझा फोन यमुनासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली. "पोरगी ग्वाड दिसते," ती म्हणाली. मग, "पण नको ताई. त्याच्याकडं बी फोन हाय."

"प्रकाश, पुसून टाक."

"हो ताई," म्हणून मी अंगणात गेलो. पानावरून फोटो काढला. तोवर तो शेकडो लोकांनी पुढे पाठवला होता. आत जाऊन हे सांगायला दहा पावलं लागली असती. मी चप्पल घातली आणि घरी गेलो. सोमवारी पुन्हा संस्थेत गेलो, ताईंच्या हातचा चहा प्यायलो, आणि फोटोचं काही बोललो नाही.

मंगळवारी जीप आली. यमुनाचा नवरा आणि दोघं जण. नवऱ्यानं मुलीला उचलून जीपमध्ये बसवलं आणि फोनवर तोच फोटो ताईंच्या पुढे नाचवला. "आमच्या गावच्या ग्रुपवर आलाय. पाटी वाचूनच आलो." ताई जीपच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. यमुनानंच त्यांना बाजूला केलं. "लेक नेली, ताई. मी हितं राहून काय करू?" ती आपल्या पायानं चढली. पोलीस आले तोवर जीप पेठ रस्त्याला लागली होती.

मग मी सगळं सांगितलं. ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रविवारी सांगितलं असतंस, तर दोघींना इगतपुरीला माझ्या बहिणीकडे पोचवलं असतं."

त्या तीनदा तिच्या गावी गेल्या, तिन्ही वेळा मला घेऊन. दोनदा यमुना दारापर्यंत आली आणि "बरं हाय" म्हणून आत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिसऱ्यांदा सासू बाहेर आली. "ती विहिरीत पडली. पोरगी मामाकडं हाय." ताईंनी विचारलं, "पडली?" सासूनं दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "ताई, ते पान दुसऱ्या कुणाला द्या."

"नाही. तूच ठेव," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दुसऱ्याला शिकवायला मी आणखी एक यमुना कुठून आणू?"

पान माझ्याकडेच राहिलं. तो फोटो अजून फिरतो. मध्यंतरी तो मलाच आला, खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आईची माया, पुढे पाठवा.'

यंदा ताईंना कॅन्सरनं गाठलं. शेवटी घोटभर पेजही उतरेना. बायका म्हणाल्या, पानावर ताईंचा एक फोटो हवा, लोकांना कळू दे त्या कोण होत्या. पंधरा वर्षांत त्यांचा एकही नव्हता. मी खाटेशेजारी बसून विचारलं, "ताई, एक काढू?"

त्यांनी डोळे उघडले. थोडं हसू आलं. "जेवल्यावर विचार."

त्यानंतर त्या जेवल्या नाहीत. त्या गेल्याचं मी पानावर दोन ओळींत लिहिलं. खाली लोक अजून विचारतात, ताईंचा फोटो का नाही? फोटोची जागा मी रिकामी ठेवली आहे.