टोल धरून किती?

आमच्या ऑफिसात पूर्वी टोलच्या पावत्यांनी ड्रॉवर भरून जायचे. आता गाडीच्या काचेवर टॅग आला, पावती गेली. मोबाईलवर मेसेज येतो आणि तोही पुढच्या मेसेजखाली दबून जातो. किस्से मात्र असे कुठं दबत नाहीत. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत अण्णांचं छोटं ट्रॅव्हल्स आहे, चार गाड्यांचं. मी तिथं नऊ वर्षं कोटेशन काढते. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतं, "ताई, टोल धरून किती?" त्या 'टोल धरून'मध्ये माझी अख्खी नोकरी आली.

सुरुवातीला मला तरी काय कळत होतं? बाकीचे 'टोल अंदाजे' लिहून गोल आकडा टाकायचे, तसा मीही टाकायचे. मग पैठणचे एक रिटायर्ड गुरुजी आले. घरच्या बारा माणसांना घेऊन कोल्हापूरला जायचं होतं. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"बाई, अंदाजे म्हणजे किती?"

लई लाज वाटली. मग दोन दिवस फोन लावत बसले. नाका कुठला, जाताना किती, येताना किती, एका दिवसात परतलं तर किती, सगळं एका फुलस्केपवर मांडलं. ट्रिप झाल्यावर गुरुजी तोच कागद घेऊन ऑफिसात हजर. प्रत्येक नाक्यापुढं लाल पेनानं बरोबरची खूण होती आणि खाली मार्क, शंभरपैकी नव्व्याण्णव.

"एक मार्क अक्षराचा कापलाय," गुरुजी म्हणाले.

तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. नवीन गिऱ्हाइकाला आधी तो दाखवते, मग रेट सांगते.

पण खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मार्क लक्ष्मणमामांचे. मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, गंगापूरकडचे. घरची मेंढरं. गाडी हातात यायच्या आधी वडिलांबरोबर कळपामागं त्यांनी निम्मा मराठवाडा पायी पालथा घातला होता. त्यांना नाका विचारला की म्हणायचे, "आमचा वाडा बसायचा ना, त्याच्या पुढल्या वळणाला." वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. तो कुठं बसायचा हे मला काय ठाऊक? मग मामा शेजारी बसून वळणावळणानं सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे.

एकदा त्यांच्या गाडीत एक साहेब होते, मामांच्या मेंढरांच्या गोष्टी ऐकत. नाका आला की कुरकुर सुरू. शेवटी म्हणाले, "मामा, तुमचं बरं होतं. मेंढरांना टोल नव्हता."

"टोल कशाचा साहेब? उलट लोकच आमाला पैसे द्यायचे. धान्य बी द्यायचे."

"ते कशाबद्दल?"

"मेंढरं रानात बसली की खत व्हायचं. शेतकरी हाका मारून बोलवायचे." मामांनी गिअर टाकला. "लोक आमाला थांबायचे पैसे द्यायचे. तुमी निघून जायचे देता."

पुण्याला उतरताना साहेबांनी मामांचा नंबर घेतला. आता दरवेळी मामाच पाहिजेत म्हणून सांगतात.

टोल चुकवणारेही असतात. सिडकोतल्या एका पोरानं सगळा प्लॅन मोबाईलवरच करून आणला होता. आतल्या रस्त्यानं गेलं की दोन नाके वाचतात. मी सांगितलं, त्या रस्त्याचं काम चालू आहे. तो म्हणाला, "मॅडम, मॅप खोटं बोलत नाही." मामांनी मुकाट्यानं गाडी आत घातली. खडी, धूळ, वळसे. एका जागी उसाच्या ट्रॉलीमागं पाऊण तास. पोराच्या आईला गाडी लागली. दोन तासांनी पोरगंच पुढं वाकून हळूच विचारतंय, "मामा, टोलनाका कुठं असेल हो?"

आता माझी बढाई. एक वऱ्हाड आमच्या सतरा सीटरनं परळीकडं निघालेलं, नवरी गाडीत. टॅगमध्ये पैसे भरायचं काम अण्णांचं आणि अण्णा विसरले. गाडी नाक्यावर अडकली, मागं हॉर्नचा कल्ला. अण्णांचा फोन लागेना म्हणून मामांनी मला लावला. मी त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडं खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आत कापूस. डॉक्टरांना हातानं थांबवलं, पडल्यापडल्या पैसे भरले आणि फोनवर "आं, आं" केलं. मामांना तेवढं कळलं.

संध्याकाळी नवरीच्या आजीचा फोन आला. "तू ती आं-आं करणारी का गं? तुझ्यामुळं मुहूर्त गाठला. तुझं लगीन झालंय का?"

माझा मुलगा बारावीला आहे म्हटलं, तर म्हातारी खरंच हळहळली.

आता मामांच्या रेखाचं सांगते. रेखा त्यांची धाकटी पोरगी. सरकारी परीक्षा पास होऊन इंजिनियर झाली, नागपूरला पहिली नेमणूक. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"ताई, नागपूरची गाडी पायजे. टोल धरून सांगा. ड्रायव्हरचा भत्ता बी धरा."

"ड्रायव्हर कशाला? तुम्ही आहात की."

"मी मागं बसणार. पोरीशेजारी."

मी कागद ओढला. म्हटलं, "समृद्धी महामार्गानं धरते. टोल जास्त आहे, पण लवकर पोचाल."

"त्याच्यावर नाके किती लागतात?"

"मधे थांबायचंच नाही मामा. उतरताना एकदाच कापला जातो."

"मंग नको. जुन्या रस्त्यानं धरा. त्याच्यावर लागतात ना, ते समदे लिवा."

मी समजावलं. वेळ दुप्पट लागेल, डिझेल जास्त जाईल, पोरगी दमेल. मामा ऐकेनात. नाके लिहून दिले तेव्हा त्यांनी बोट ठेवून एकेक मोजला आणि मान हलवली. अण्णा म्हणाले, मी एक पैसा घेणार नाही. मामा म्हणाले, मग मी दुसरीकडं जातो. शेवटी अण्णांनी पैसे घेतले आणि ड्रायव्हर म्हणून स्वतः बसले.

पुढचं अण्णांनी परत आल्यावर सांगितलं. पहिला नाका आला. टॅग वाजला, दांडी वर गेली. मामा मागून म्हणाले, "अण्णा, जरा थांबा."

त्यांनी काच खाली घेतली. केबिनमधला माणूस ओळखीचा. "काय मामा, आज मागं?"

"व्हय. ही माझी पोरगी. इंजिनियर झाली. नागपूरला सोडायला चाललो."

दुसऱ्या नाक्यालाही तेच. तिथला माणूस ओळखीचा नव्हता, तरी त्यालाही सांगितलं. मागचे हॉर्न वाजवत होते. रेखा पदरात तोंड लपवल्यासारखी ओढणीत तोंड घालून बसली. "आबा, पुरे ना आता."

मामांनी काच वर घेतली. अण्णा गाडी चालवत राहिले.

तिसरा नाका दिसला तेव्हा काच रेखानं खाली घेतली.